ओवा, लसूण आणि कोंबडीचें पोट

पोट दुखूं लागलें कीं चिमूटभर ओवा मिठाबरोबर चावून खाण्याची रीत महाराष्ट्रांत घरोघरीं आहे. हाच ओवा आतां कोंबड्यांच्या खाद्यांतही घातला जातो असें सांगितलें, तर पुष्कळांस तो विनोद वाटेल. परंतु त्यामागें एक गंभीर प्रश्न आहे, आणि तो कोंबडीपेक्षां माणसाच्या जिवाशीं अधिक निगडित आहे.

ठाण्यास येऊरच्या डोंगराच्या पायथ्याशीं मानपाडा आहे. डोंबिवलीसही त्याच नांवाचें गांव आहे. जेथें परसांत गांवठी कोंबडी उकिरडा उकरीत हिंडे, तेथें आज उंच इमारती उभ्या आहेत, आणि कोंबडी येते ती दूरच्या पोल्ट्रीमधून, पिंजऱ्यांत बसून. गांवठी कोंबडी किडे, दाणे, पाला, जें मिळेल तें टिपी व सावकाश वाढे. पोल्ट्रींतील पिल्लूं जन्मतः सुमारें ४० ग्रॅमचें असतें. पांच-सहा आठवड्यांत तें दोन किलोंचें व्हावें अशी अपेक्षा असते. हजारों पिल्लें एकाच छपराखालीं भाताच्या तुसावर वावरत असतां आंतड्यांत रोग शिरला, कीं खाल्लेलें अंगीं लागत नाहीं. आणि पोल्ट्रीचा बहुतेक खर्च तर खाद्यावरच होत असतो.

यावर एक सोपा उपाय सांपडला. ज्यूक्स व स्टॉकस्टॅड हे अमेरिकन शास्त्रज्ञ बी-१२ जीवनसत्त्वाच्या शोधांत असतां, ऑरिओमायसिन तयार करतांना उरलेला चोथा चारल्यास पिल्लें झपाट्यानें वाढतात, असें त्यांस आढळलें. १९५० सालीं ही गोष्ट जाहीर झाली, आणि प्रतिजैविक औषधें अल्प प्रमाणांत रोज खाद्यांत घालण्याची प्रथा जगभर पसरली. औषधाची मात्रा अपुरी पडली तर जंतु मरत नाहींत, उलट निर्ढावतात, हा इशारा अलेक्झांडर फ्लेमिंग यांनीं १९४५ सालींच नोबेल पारितोषिकाच्या व्याख्यानांत दिला होता. असे निर्ढावलेले जंतु पोल्ट्रींतच राहत नाहींत. मांसाबरोबर, पाण्याबरोबर, कामकऱ्यांच्या हातांबरोबर ते घरांत येतात, आणि आजारी मुलास दिलेलें औषध लागू पडेनासें होतें. म्हणूनच युरोपीय संघानें १ जानेवारी २००६ पासून वाढीसाठीं अशीं औषधें खाद्यांत घालण्यास बंदी केली. आणि माणसासाठीं शेवटचा आधार असलेलें कोलिस्टिन कोंबड्यांस व इतर खाद्यपशूंस देण्यास भारतानें जुलै २०१९ मध्यें मनाई केली.

मग पिल्लांच्या पोटाचें रक्षण कशानें करावयाचें? येथें ओवा पुढें येतो. त्याचा उग्र वास थायमॉल या द्रव्याचा. पहिल्या महायुद्धापूर्वीं हें द्रव्य काढण्यासाठीं येथील ओवा जर्मनीस जात असे. थायमॉल जंतूंच्या पेशीचें वेष्टण दुबळें करून त्यांस मारतें. लवंग, दालचिनी व लसूण यांच्या अर्कांतही जंतुनाशक गुण आहेत.

परंतु काचेच्या नळींत जें घडतें तें पोटांत घडेलच असें नाहीं. हीं सुगंधी तेलें खाद्याच्या गोळ्या करतांना उष्णतेनें उडून जातात, आणि उरलेलीं बरीचशीं वरच्या आंतड्यांतच शोषलीं जातात. म्हणून त्यांस चरबीचें आवरण द्यावें लागतें. एका शेतांतील ओव्यांत थायमॉल जितकें, तितकें दुसऱ्या शेतांतील ओव्यांत असेलच असेंही नाहीं. त्यामुळें एका प्रयोगांत पिल्लांचें वजन वाढतें, तर दुसऱ्यांत कांहींच फरक दिसत नाहीं. ‘वनस्पतिजन्य’ या शब्दावर भुलून चालणार नाहीं. सारख्याच पिल्लांचे दोन गट करून, एकास अर्क देऊन व दुसऱ्यास न देता, दोहोंचें वजन तोलून पाहिलें पाहिजे.

कोरडें तूस, मोकळी हवा व स्वच्छ पाणी यांचा अर्क हा मदतनीस आहे, त्यांच्या जागीं बसणारा नव्हे. ओव्यानें कोंबडीचें वजन छटाकभर वाढो वा न वाढो. मुलाच्या आजारपणांतील औषध कोंबडीच्या खाद्यांत वाया गेलें नाहीं, तर तो लाभ कोणत्याही तराजूंत मावणार नाहीं.