तंबूतलं गाणं आणि झुल्यावरची सोबतीण



दिवाळी सरली की आमच्या भंडाऱ्याकडे गावोगाव मंडई भरते. रात्री दंडार उभी राहते, पेटी-ढोलकी घुमू लागते आणि लहानथोर थंडीत कांबळी पांघरून पहाटेपर्यंत बसतात. अशाच एका मंडईनंतर माझ्या वर्गातली एक मुलगी सकाळी मैदानावर यायची थांबली. कबड्डीत ती चढाईला गेली म्हणजे तिला धरणं कठीण. विचारलं तर मान खाली घालून म्हणाली, “आता नाही जमत जी, गुरुजी.”

हळूहळू उलगडा झाला. दंडारीत पेटी वाजवणारा एक पोरगा होता. हात गोड, पण बाप गेल्यापासून दारूला लागलेला. दोघांचं मन जुळलं होतं. रात्री तो कुठं पडला असेल, या घोरात हिची झोप जाई आणि त्याला शोधण्यात सकाळ. आपण हात सोडला तर हा संपेल, असं तिनं मनाशी धरलं होतं. गावानं मात्र दोष दिला तो तिच्या खेळाला. पोरगी मैदानात गेली म्हणून बिघडली म्हणे! मास्तर असून मी त्या दिवशी चावडीवर गप्प बसलो. ते मला अजून लागून आहे.

हल्लीच्या गोष्टींत आणि सिनेमांत ही जोडी वरचेवर दिसते. गाणारा तरुण दुःखी, व्यसनी, मुलगी खेळाडू, आणि तिचं प्रेम हेच त्याच्यावरचं औषध. शेवटी त्याचा गळा मोकळा होतो. तिच्या धावण्याचं काय झालं, हे विचारायला कुणाला सवड नसते.

म्हणून एक खरी हकीगत सांगतो. सांगलीकडच्या अंकलखोपचे विष्णुपंत छत्रे यांना दोन वेड होती, घोडा आणि गाणं. दोन्हींसाठी ते ग्वाल्हेरला गेले. बाबासाहेब आपट्यांकडे अश्वविद्या शिकले आणि हद्दूखाँसाहेबांकडे गायकी. पुढं किआरिनी नावाच्या इटालियन माणसाची सर्कस मुंबईला आली. हिंदुस्थानी लोकांना हे साधायचं नाही, असं तो म्हणाला, अशी आख्यायिका आहे. विष्णुपंतांनी 1880 साली आपलीच सर्कस उभी केली. तिचं नाव ग्रेट इंडियन सर्कस. त्यात स्वतः ते घोड्यांचे खेळ करीत आणि त्यांची पत्नी उंच झुल्यावर कसरत करी.

हे साल ध्यानात घ्या. त्याच 1880 मध्ये पुण्याला अण्णासाहेब किर्लोस्करांचं ‘संगीत शाकुंतल’ रंगभूमीवर आलं आणि त्यातली शकुंतला पुरुषानंच केली. रंगमंचावर घरंदाज बाईला पाऊल ठेवता येत नव्हतं, तेव्हा ही गृहिणी शेकडो लोकांच्या डोक्यावर झुलत होती! झुल्यावर हात सुटला तर कुणाचं प्रेम खाली झेलायला येत नाही. तिथं मनगटाची ताकद आणि रोजचा सराव लागतो. तो तिचा स्वतःचा होता. नवऱ्याला गाण्याचं वेड, म्हणून तिनं झुला सोडला नाही.

आता दुःखी गवयाची गोष्ट. हद्दूखाँचे चिरंजीव रहिमतखाँ. असा गळा की लोक त्यांना भूगंधर्व म्हणत. वडील 1875 मध्ये गेले, भाऊही गेला. खाँसाहेब अफूच्या आहारी गेले, मनाचा तोल ढळला, आणि काशीला कफल्लक होऊन भटकू लागले. सर्कस तिकडे गेली असता विष्णुपंतांना ते सापडले. गुरुपुत्र म्हणून पंतांनी त्यांना आपल्यासोबत आणलं. जिथं सर्कशीचा तंबू, तिथं खाँसाहेबांचं गाणं! 1905 मध्ये विष्णुपंत वारले. तेव्हा त्यांचे बंधू काशिनाथपंतांनी खाँसाहेबांना सांभाळलं. 1922 साली कुरुंदवाडला त्यांनी देह ठेवला. त्याआधी म्हातारपणी त्यांच्या ध्वनिमुद्रिका निघाल्या, त्या जाणकार आजही शोधून ऐकतात. अब्दुल करीमखाँसारख्या थोर गवयानं त्या गळ्याचा ठसा घेतला.

एका रविवारी शाळेच्या पायरीवर बसून ही सारी हकीगत मी त्या मुलीला सांगितली. तिनं एकच विचारलं, “खाँसाहेबांना सांभाळलं कोणी जी? एकट्या बाईनं?”

म्हटलं, “नाही, पोरी. सबंध बिऱ्हाडानं. एक गेला तर दुसरा होता.”

ती बराच वेळ बोलली नाही. मीच उठलो आणि दंडारीच्या मुख्याकडे गेलो. आधी तो म्हणाला, आमचं काम पेटी वाजवून घेण्याचं, दारू सोडवण्याचं नाही. मग पोराच्या मामाला बोलावलं. तिघं मिळून त्याला जिल्ह्याच्या सरकारी दवाखान्यात डॉक्टरांकडे घेऊन गेलो. दोनदा तो मधूनच पळून आला, तिसऱ्यांदा टिकला. आता मामाकडे राहतो, धानाच्या बांधीत राबतो, आणि संध्याकाळी मंडळींपैकी कुणीतरी पाळीनं त्याच्याजवळ बसतं. चावडीवरही मी जे बोलायचं राहिलं होतं ते बोलून आलो. दोघे-तिघे उठून गेले, बाकीच्यांनी ऐकलं.

त्या दोघांचं लग्न होईल की नाही, ते त्यांचं ते बघतील. परवा सकाळी तो मैदानाच्या कडेला सायकल धरून उभा होता. तिनं एकदाही वळून पाहिलं नाही. चढाई चालू होती.