परमुलखातील उमेदवारी
(संस्थेच्या पालक-विद्यार्थी मेळाव्यात दिलेले भाषण)



चीनमध्ये शिकणाऱ्या आपल्या मुलामुलींची उन्हाळी उमेदवारी हा आजचा विषय आहे. इंग्रजीत जिला इंटर्नशिप म्हणतात, तिच्यासाठी आपल्याकडे उमेदवारी हा जुना आणि नेमका शब्द आहे. पूर्वी मुलगा वकिलाकडे, पेढीवर किंवा कारखान्यात काही काळ उमेदवारी करी आणि मग स्वतःच्या पायावर उभा राही. चीनमधील विद्यापीठांना साधारणपणे जुलै-ऑगस्टमध्ये सुट्टी असते. त्या सहा-आठ आठवड्यांत पुष्कळ विद्यार्थी एखाद्या कंपनीत, कारखान्यात किंवा व्यापारी पेढीवर काम शिकण्यासाठी जातात. आपल्या समाजातील मुलेही जाऊ लागली आहेत. त्यांनी तेथे कसे रुळावे आणि आपण पालकांनी त्यांना काय शिकवून पाठवावे, याविषयी चार गोष्टी सांगतो.

परदेश आपल्याला नवा नाही. कोकणातील आपली माणसे खलाशी म्हणून जग फिरली. काहीजण दक्षिण आफ्रिकेत केपटाऊनला स्थायिक झाले. आखातात तर १९७० नंतर घराघरांतून माणूस गेला. परंतु आखाताच्या वाटेवर एक सोय होती. विमानतळावर मामा किंवा गावचा कोणीतरी उभा असे. खोलीत चार ओळखीचे चेहरे, ताटात आपले जेवण आणि कानावर पाच वेळा अजान असे. रुळण्याचे निम्मे काम आधी गेलेल्यांनी करून ठेवलेले असे. चीनमध्ये ही सोय बहुधा मिळत नाही. भाषा वेगळी, लिपी वेगळी, जेवण वेगळे, मोबाइलवरची ॲपसुद्धा वेगळी. तेथे रुळणे हे आपोआप होत नाही, ते ठरवून करावे लागते. आणि ते करण्याचे एकच साधन आहे: वेळेवर विचारणे.

इथेच आपली अडचण आहे. मोठ्यांपुढे गप्प बसणारा मुलगा म्हणजे सुसंस्कृत मुलगा, असे आपण घरी शिकवतो. मदरशात तेच आणि आमच्या शाळांच्या वर्गांतही तेच. अदब ही चांगलीच गोष्ट आहे. परंतु अदब म्हणजे मुकेपणा नव्हे. परमुलखात न विचारणाऱ्या मुलाचे कसे नुकसान होते, ते आता क्रमाने पाहू.

पहिली गोष्ट परवानगीची. चीनमध्ये विद्यार्थी म्हणून राहणे आणि काम करणे या कायद्याच्या दृष्टीने दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तेथील परकीयांविषयीचा कायदा १ जुलै २०१३ पासून लागू आहे. त्याच वर्षीच्या नियमांनुसार, ज्याच्याकडे शिक्षणासाठीचा निवास परवाना आहे त्याला विद्यापीठाबाहेर उमेदवारी करायची असेल तर आधी विद्यापीठाची संमती घ्यावी लागते. मग पोलिसांच्या परकीय विभागाकडे अर्ज करून निवास परवान्यावर उमेदवारीचे ठिकाण आणि मुदत यांची नोंद करून घ्यावी लागते. ही नोंद नसताना केलेले काम बेकायदा ठरू शकते. त्यासाठी ५,००० ते २०,००० युआन दंड आहे आणि प्रकरण गंभीर असेल तर ५ ते १५ दिवसांची कोठडी. कर्ज काढून, दागिने मोडून मुलाला पाठवलेल्या घरावर असा प्रसंग येणे म्हणजे काय, हे मी सांगायला नको.

राहण्याच्या जागेचेही तसेच. हॉटेल सोडून इतरत्र राहणाऱ्या परकीयाने २४ तासांच्या आत स्थानिक पोलिसांकडे नोंद करायची असते. मुलगा वसतिगृह सोडून कारखान्याजवळ भाड्याच्या खोलीत गेला की ही नोंद पुन्हा करावी लागते. पुष्कळ मुले हे विसरतात, आणि त्यासाठी २,००० युआनपर्यंत दंड होऊ शकतो. पासपोर्टही जवळ बाळगावा लागतो.

पालकांनो, एक सावधगिरीची सूचना. पर्यटनाच्या व्हिसावर चीनमध्ये पगारी इंटर्नशिप देतो असे सांगणारा दलाल दारात आला, तर त्याला चहा पाजा, पण पैसे देऊ नका. आणि जो मुलगा तेथे आधीच शिकत आहे, त्याने विद्यापीठाच्या परदेशी विद्यार्थी कार्यालयात जाऊन तीन प्रश्न विचारावेत: माझ्या परवान्यावर नोंद कोण करून देणार? कामावर अपघात झाला तर विमा लागू आहे काय? विद्यावेतन मिळणार असेल तर किती आणि कधी? उत्तरे लेखी घ्यावीत. तोंडी आश्वासनावर आपल्या माणसांनी पुष्कळ सोसले आहे.

वैद्यकीय विद्यार्थ्यांची इंटर्नशिप हा वेगळा विषय आहे. त्यांच्यासाठी भारतात नोव्हेंबर २०२१ चे नियम आहेत, आणि त्यात परदेशातील त्याच संस्थेत १२ महिन्यांची इंटर्नशिप आवश्यक धरली आहे. उन्हाळ्यात एखाद्या रुग्णालयात घालवलेले सहा आठवडे त्याच्या हिशोबात धरता येणार नाहीत.

दुसरी गोष्ट प्रत्यक्ष कामाची. पहिले दोन आठवडे कठीण जातात. आजूबाजूला सगळे भराभर चिनी बोलत असतात. वरिष्ठ काही सांगतो, मुलगा मान डोलावतो, आणि तासाभराने लक्षात येते की काहीच समजलेले नाही. यावर उपाय तीन शब्दांचा आहे: ‘थिंग पु तोंग’. म्हणजे ऐकले, पण समजले नाही. हे म्हणण्यात कमीपणा नाही. समजल्याचे सोंग करून माल चुकीच्या पत्त्यावर पाठवण्यात मात्र आहे. एक छोटी वही खिशात ठेवावी. दिवसाला दहा शब्द टिपावेत: यंत्राचे भाग, कागदपत्रांची नावे, सहकाऱ्यांची नावे. सहा आठवड्यांत चारशे शब्द होतात आणि ते कोणत्याही वर्गात मिळणार नाहीत असे असतात.

चिनी नावात आडनाव आधी येते, हे ध्यानात ठेवावे. माणसाला आडनाव आणि हुद्दा जोडून हाक मारावी. कारखान्यातील जाणत्या कारागिराला ‘शिफू’ म्हणतात. आपल्याकडे गॅरेजात किंवा मागावर ज्याला उस्ताद म्हणतात, तोच हा शब्द समजा. उस्तादाजवळ कसे बसावे हे आपल्या मुलांना शिकवावे लागत नाही. कारण आपल्यापैकी अनेकांच्या घरांत विणकर, शिंपी, फिटर, गवंडी आहेत. ती शिदोरी तेथे उपयोगी पडते. मात्र चारचौघांत वरिष्ठाची चूक काढू नये. इज्जतीची जाणीव त्यांच्याकडेही आपल्याइतकीच तीव्र आहे. शंका असेल तर बाजूला घेऊन विचारावी.

कामाच्या तासांविषयीही पहिल्याच दिवशी विचारावे. सकाळी नऊ ते रात्री नऊ, आठवड्याचे सहा दिवस अशी पद्धत तेथील काही कंपन्यांत बोकाळली होती. ऑगस्ट २०२१ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने ती बेकायदा ठरवली. उमेदवाराने मेहनत करावी, पण तब्येत गमावून नव्हे.

मुलींच्या पालकांना एक शब्द. मुलीला पाठवायचे की नाही हा निर्णय तुमचा आणि तिचा. परंतु पाठवणार असाल तर राहण्याची जागा, येण्याजाण्याची वाट आणि सुटण्याची वेळ यांची चौकशी आधी करा. यंत्राजवळ काम असेल तर ओढणीचे मोकळे टोक धोक्याचे असते, तेव्हा डोके कसे झाकायचे हेही आधी ठरवून घ्यावे.

तिसरी गोष्ट जेवणाची आणि नमाजची. सर्वांत जास्त प्रश्न याच बाबतीत येतात. हलाल अन्नाला चीनमध्ये ‘छिंगचन’ म्हणतात. शुद्ध आणि सत्य असा त्याचा अर्थ. ही दोन चिनी अक्षरे ओळखायला शिकल्याशिवाय मुलाला विमानात बसवू नका. पूर्वी अशा दुकानांवर अरबी पाटीही असे, पण अलीकडच्या वर्षांत अनेक शहरांत ती काढली गेली आहे. अनेक विद्यापीठांत छिंगचन भोजनालय असते, आणि लानचौ पद्धतीच्या शेवयांची मुसलमानी दुकाने बहुतेक मोठ्या शहरांत सापडतात. एक बारकावा असा की चिनी यादीत नुसते ‘रौ’, म्हणजे मांस, असे लिहिले असेल तर त्याचा अर्थ बहुधा डुकराचे मांस असा असतो. भाजीसुद्धा त्याच चरबीत परतलेली असू शकते. तेव्हा विचारावे, आणि शंका राहिली तर अंडी, भात, फळे यांवर भागवावे.

कंपनीच्या मेजवानीत मद्याचा प्याला पुढे येतो. तेथे तोंड वाकडे करून उठून जाण्याची गरज नाही. मद्याऐवजी चहाचा प्याला उचलून मान राखण्याची रीत चिनी लोकांतच आहे आणि तिच्यासाठी त्यांच्या भाषेत वाक्प्रचारही आहे. मी मुसलमान आहे, मी चहाने साथ देतो, एवढे हसून सांगितले की विषय मिटतो. संकोचाने एकदा प्याला हातात घेतला तर मात्र पुढच्या वेळी नाही म्हणणे जड जाते.

नमाजचे वेळापत्रक आधी जुळवावे. शांघायचे उदाहरण घ्या. जुलैत तेथे सूर्य पहाटे पाचच्या सुमारास उगवतो आणि सायंकाळी सातच्या सुमारास मावळतो. दुपारी बाराच्या सुमारास जेवणाची सुट्टी होते. तेव्हा पुष्कळ कचेऱ्यांत माणसे टेबलावर डोके टेकून डुलकी काढतात. ती शांत वेळ जोहरला सोयीची. वेगळी खोली मिळेल अशी अपेक्षा धरू नये, पण एखादा कोपरा वापरू का, असे विचारायला हरकत नाही. शुक्रवारी मशिदीत जायचे असेल तर आधीच सांगून ठेवावे आणि तेवढे काम सायंकाळी भरून द्यावे. बाकी शंका जाण्यापूर्वी आपल्या आलिमांना विचाराव्यात.

चीनमध्ये इस्लाम परका नाही. ग्वांगचौची ह्वाइशंग मशीद, शीआनची मोठी मशीद, बीजिंगची न्यूचिए मशीद ही शतकानुशतकांची ठिकाणे आहेत. ह्वेई जमातीच्या मुसलमानांची संख्या १ कोटीहून अधिक आहे. त्याचबरोबर शिंच्यांगमधील मुसलमानांच्या स्थितीविषयी संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क कार्यालयाने ऑगस्ट २०२२ मध्ये गंभीर अहवाल प्रसिद्ध केला, हेही आपण जाणतो. पालकांच्या मनात काळजी येणे स्वाभाविक आहे. विद्यार्थ्याने मान्यताप्राप्त मशिदीत किंवा आपल्या खोलीत इबादत करावी. परवानगीशिवाय धार्मिक प्रवचन किंवा पुस्तकवाटप तेथील कायद्याला चालत नाही. डोळे उघडे ठेवावेत, पाहुण्याची मर्यादा सांभाळावी आणि शिकायला आलो आहोत हे विसरू नये.

चौथी गोष्ट पालकांसाठी. घरी फोन कसा येणार? व्हॉट्सॲप आणि गूगल चीनमध्ये बंद आहेत. तेथे सगळे व्यवहार वीचॅटवर चालतात, पैसे देणेसुद्धा. आणि वीचॅट भारतात जून २०२० पासून बंद आहे. म्हणजे मुलाचे ॲप आपल्याकडे नाही आणि आपले त्याच्याकडे नाही. भारतीय सिम रोमिंगवर ठेवले तर त्यावर आपली ॲप सहसा चालतात, पण ते महाग पडते. यावर मार्ग म्हणजे जाण्यापूर्वीच आठवड्याचे दोन दिवस आणि वेळ ठरवून घ्यावी. चीन आपल्यापेक्षा अडीच तास पुढे आहे. आपण रात्री साडेनऊला जेवण आटोपून फोन लावतो, तेव्हा तेथे मध्यरात्र झालेली असते. आपल्या सायंकाळी पाचला तेथे साडेसात वाजतात, ती वेळ बरी. पोलीस ११०, रुग्णवाहिका १२० आणि जवळच्या भारतीय वकिलातीचा क्रमांक मुलाच्या वहीच्या पहिल्या पानावर हवा.

आणि फोनवर काय विचारायचे? किती पैसे मिळाले, हा पहिला प्रश्न नसावा. आज नवीन काय शिकलास, कोणाला काय विचारलेस, हे विचारा. तो अडचणीत असेल तर त्याला ती सांगता आली पाहिजे. घरी काळजी करतील म्हणून लपवणारा मुलगा तेथे एकटा पडतो. अब्बांना सांगितले तर रागावतील, ही भीती त्याच्या सामानात बांधून पाठवू नका.

मित्रहो, आपल्या महाराष्ट्रातून १९३८ साली सोलापूरचा एक तरुण डॉक्टर भारतीय वैद्यकीय पथकाबरोबर चीनला गेला. द्वारकानाथ कोटणीस हे त्यांचे नाव. युद्ध चालू असताना त्यांनी चिनी भाषा शिकून घेतली, तेथील सैनिकांची आणि गावकऱ्यांची सेवा केली आणि ९ डिसेंबर १९४२ रोजी, वयाच्या अवघ्या ३२ व्या वर्षी, तेथेच देह ठेवला. आजही चीनमध्ये त्यांचे नाव आदराने घेतले जाते. लोकांच्या भाषेत बोलून त्यांचे दुःख विचारले, म्हणून ते त्यांचे झाले.

ज्ञानासाठी चीनपर्यंत जाण्याविषयीचे एक वचन आपल्या सभांतून नेहमी सांगितले जाते. त्याच्या सनदीबद्दल हदीसच्या जाणकारांनी शंका घेतली आहे, म्हणून मी त्याचा आधार घेत नाही. परंतु इल्म मिळवणे हे आपले कर्तव्य आहे, याबद्दल कोणालाही शंका नाही. आणि इल्माची सुरुवात प्रश्नाने होते.

तेव्हा पालकांनो, चीनची तयारी आजपासून घरातच सुरू करा. जेवताना मुलाने प्रश्न विचारला तर त्याला गप्प करू नका. शिक्षक बंधूंनो, वर्गात वर आलेला हात खाली पाडू नका. विद्यार्थी मित्रहो, परवाना असो, काम असो, ताटातला घास असो, समजले नाही तर अदबीने विचारा. जो आज घरात आणि वर्गात विचारायला शिकेल, तो उद्या शांघायच्या कारखान्यातही अडणार नाही.

अल्लाह तआला आपल्या मुलामुलींना सुखरूप नेवो, सुखरूप आणो आणि त्यांच्या इल्मात बरकत देवो. एवढे बोलून आपली रजा घेतो.

खुदा हाफिज. जय हिंद. जय महाराष्ट्र.