हिशेबाची रात्रशाळा



प्रौढशिक्षणावर बोलावयास आपण एका सातवी पास माणसास उभे केले आहे. तेव्हा आधी माझा दाखला देतो. सोलापुरात टॉवेलच्या मागावर दहा वर्षे काम केले, पुढे युनियनच्या कामात पडलो. पुढचे वाचन वाचनालयाच्या बाकावर झाले आणि कायदा लेबर कोर्टाच्या व्हरांड्यात. गेली पंचवीस वर्षे पूर्वभागात विड्या वळणाऱ्या बायकांचा रात्रीचा वर्ग चालवितो. एवढीच माझी पदवी.

हे काम नवे नाही. जोतीराव फुल्यांनी पुण्यात १८५५ साली कष्टकऱ्यांसाठी रात्रीची शाळा काढली. मुंबईत ना. म. जोशींच्या सोशल सर्व्हिस लीगने, जी १९११ साली स्थापन झाली, कामगारांसाठी रात्रशाळा व वाचनालये चालविली. १९७८ साली सरकारने देशभर प्रौढशिक्षणाचा कार्यक्रम हाती घेतला. अशा मोहिमांची थोरवी मी नाकारीत नाही. परंतु तेथे सही आली की बाई साक्षर! असल्या साक्षर झालेल्या आणि वर्षभरात सारे विसरलेल्या कितीतरी जणी माझ्याकडे आल्या.

आमच्या बायका बहुतेक तेलुगू बोलणाऱ्या. मराठी 'कमळ' गिरविण्यात त्यांना काय रस असणार? दिवसभर पान कापून, तंबाखू भरून, दोरा गुंडाळून आलेली बाई रात्री आठला पेंगते. पहिला महिना असाच गेला. मग एक अक्का म्हणाली, "भाऊ, हे राहू द्या. माझं पुस्तक वाचून दाखवा." पुस्तक म्हणजे मजुरीचे पुस्तक. तेच आमचे क्रमिक पुस्तक झाले.

मजुरी हजारावर. २५ विड्यांची जुडी, ४० जुड्यांचा हजार. एवढे त्यांना तोंडपाठ. तपासणारा मात्र हजारामागे ५० विड्या खराब म्हणून बाजूला काढी आणि त्यांची मजुरी कापी. बायका म्हणत, जाऊ द्या, दोनच जुड्या. मी फळ्यावर मांडले: रोज ५०, तर वीस दिवसांत हजार. म्हणजे विसावा दिवस फुकट! वर्ग गप्प झाला. शेकडेवारी निराळी शिकवावी लागली नाही.

पुढच्या शनिवारी सात जणींनी त्या विड्या परत मागितल्या. "खराब आहेत, तर ठेवून कशाला घेता?" कारखान्याचे नाव सांगत नाही. उत्तर मिळाले नाही. पण महिन्याभरात पन्नासाचे वीस झाले. त्या सातजणींना पुढे काही आठवडे पान कमी मिळाले, हेही सांगितले पाहिजे. दोघींनी वर्ग सोडला. घरी चूल पेटली नाही तर फळा काय कामाचा?

आता आणखी एक गंमत पाहा. सही शिकण्यात बाईने दोन वर्षे घालविली, आणि रेशन दुकानात यंत्र म्हणते, अंगठा लावा! बरे, पान-तंबाखूने झिजलेला अंगठा त्या यंत्राला ओळखूही येत नाही. म्हणून हल्ली वर्गात अर्ज लिहितो: ठसा जुळत नाही, अन्य मार्गाने ओळख पटवून धान्य द्यावे. मागच्या आठवड्यात असे चार अर्ज गेले. तीन बायकांनी स्वतः लिहिले. चौथीने शेजारणीला सांगून लिहविला. तिची जोडाक्षरे अजून व्हावयाची आहेत.