वाडीचे नाव आणि वाडीचे रक्षण

(वार्षिक संमेलनातील भाषण)



फ्रान्स देशातील बोर्दो प्रांतात सेंट एमिलियाँ नावाचे प्राचीन गाव आहे. तेथील द्राक्षमळे मद्यासाठी जगप्रसिद्ध आहेत. मद्याचे गुणगान करण्याचा माझा हेतू नाही. परंतु त्या मळ्यांपासून आपणां वाडीवाल्यांनी घेण्याजोगा एक धडा आहे. १९९९ साली युनेस्कोने तेथील मळे, गावे व जुनी प्रार्थनामंदिरे मिळून सारा परिसर जागतिक वारसा म्हणून मान्य केला. कीर्ती द्राक्षांची, पण मान परिसरास मिळाला.

आपल्या डहाणू-घोलवडच्या चिकूचेही तसेच आहे. मूळचे मेक्सिको व मध्य अमेरिकेतील हे झाड १८९८ च्या सुमारास घोलवडास आले. आपण त्याचे कलम देशी खिरणीच्या रोपावर बांधतो. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात फायलॉक्सेरा नामक किडीने फ्रान्सचे मळे उद्ध्वस्त केले, तेव्हा तेथील वेलींची कलमे अमेरिकन द्राक्षाच्या मुळांवर बांधावी लागली. तेथे फ्रेंच वेल अमेरिकन मुळावर, येथे अमेरिकन झाड देशी मुळावर! भूमीची कीर्ती झाडाच्या कुळावर नव्हे, जोपासनेवर अवलंबून असते, हेच यावरून सिद्ध होते.

ही जोपासना एकट्या मालकाची नव्हे. वाडीत राबणारे हात बहुतांशी वारली बांधवांचे आहेत. याच समाजाने १९४५ साली तलासरीजवळच्या झरी गावी सभा भरवून वेठ नाकारली, हे आपण विसरता कामा नये.

२०१६ साली आपल्या चिकूस भौगोलिक मानांकन मिळाले. त्यायोगे परमुलुखातील फळ आपल्या नावाने विकण्यास कायद्याने बंदी झाली. परंतु मानांकन नावाचे रक्षण करते, झाडाचे नव्हे. वाडी तोडून प्लॉट पाडले तर नुसते नाव कागदावर राहील. केंद्र सरकारच्या २० जून १९९१ च्या अधिसूचनेने डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या नाजूक ठरला व कारखान्यांवर मर्यादा आल्या. आता ऑगस्ट २०२४ मध्ये वाढवण बंदराची पायाभरणी झाली आहे. जमिनीस गिऱ्हाईक दाराशी येईल, तेव्हा खरी कसोटी आपलीच आहे.

म्हणून माझी नम्र विनंती एवढीच की, वाटणी करताना वाडीचे तुकडे पाडू नयेत, जीर्ण झाडाच्या जागी नवे कलम लावावे आणि मजुरास योग्य दाम द्यावा. वडिलांनी लावलेल्या झाडाचे फळ आपण खाल्ले; नातवंडांसाठी निदान त्याची सावली तरी राखू या.