नृप शंभूची कविता

पाटणहून नैर्ऋत्येला जाऊन सह्याद्रीचा कणा उतरलं की प्रचितगडाच्या पायथ्याशी शृंगारपूर लागतं. हे संभाजीराजांच्या पत्नी येसूबाईंचं माहेर. शिवाजी महाराज दक्षिण दिग्विजयाच्या तयारीत होते तेव्हा, १६७६ च्या अखेरीस, एकोणीस वर्षांच्या संभाजीराजांची रवानगी तिथे झाली. पुढची सुमारे दोन वर्षं त्यांचा मुक्काम त्या भागात होता, आणि ‘बुधभूषण’ हा संस्कृत ग्रंथ अभ्यासक साधारण याच काळाशी जोडतात. ‘नखशिख’, ‘नायिकाभेद’ आणि ‘सातसतक’ ही ब्रज भाषेतली पुस्तकंही त्यांच्याच नावावर आहेत. तलवार चालवणाऱ्या माणसाने कविता का लिहावी? माझं उत्तर असं, की त्या काळी राजाच्या घरात काव्य हा राज्य करण्याच्या शिक्षणाचाच भाग होता. या कवितेत राजाचं खासगी आयुष्य शोधणारे आणि ते लपवू पाहणारे, दोघेही तिथेच चुकतात.

फ्रान्सच्या दक्षिणेत बाराव्या शतकात असेच सरदार-कवी होऊन गेले. त्यांना त्रुबादूर म्हणतात. ब्लायचा जहागीरदार जोफ्रे रुदेल याने दूरच्या प्रेयसीवर गीतं रचली. पुढच्या शतकात त्याचं छोटंसं चरित्र लिहिलं गेलं: न पाहिलेल्या त्रिपोलीच्या काउंटेससाठी तो समुद्र ओलांडून गेला आणि तिच्या कुशीत मेला. ही हकीकत बहुतांशी त्याच्या गीतांवरूनच रचलेली असावी, असं आजचे अभ्यासक मानतात. आपल्याकडे उलटं झालं. आधी चरित्र ठरलं आणि मग त्याच्या उजेडात कविता पाहिली गेली. मल्हार रामराव चिटणिसांची बखर संभाजीराजांच्या मृत्यूनंतर शंभरावर वर्षांनी लिहिलेली. बखरकाराचे पूर्वज बाळाजी आवजी यांना १६८१ मध्ये राजांच्याच हुकुमाने देहदंड झाला होता. अशा लेखणीतून उतरलेला व्यसनी युवराज पुढे रंगभूमीने उचलला, आणि ‘नायिकाभेद’ हे नाव त्या चित्राला पुराव्यासारखं चिकटलं.

पण नायिकाभेद हा शास्त्रातला विषय आहे. नायिकेचे प्रकार किती, नखापासून शिखेपर्यंत वर्णनाचा क्रम कोणता, उपमान कुठलं, हे सगळं आधीच ठरलेलं. कवीने त्या चौकटीत कसब दाखवायचं. ओरछाच्या केशवदासांची ‘रसिकप्रिया’ १५९१ ची आहे. त्याहून बोलकं उदाहरण मारवाडच्या जसवंतसिंहांचं. १६६३-६४ मध्ये कोंढाण्याला वेढा घालून बसलेला हा मोगल सेनापती ‘भाषाभूषण’ या अलंकारग्रंथाचा कर्ता. त्याचा हा ग्रंथ वाचून कोणी त्याला विलासी ठरवत नाही. खुद्द भूषण कवीचा ‘शिवराजभूषण’ घ्या: वीररसाने ओथंबलेला, पण सांगाडा अलंकारग्रंथाचाच. मग एकाला वीरकाव्य म्हणायचं आणि दुसऱ्याला व्यसनाची कबुली, हा न्याय कुठला?

याच्या उलट बाजूचे लोक ‘बुधभूषण’ पुढे करतात आणि ब्रज पुस्तकांचं नाव काढत नाहीत. हा भित्रेपणा आहे. शिवाय ‘बुधभूषण’वरही आक्षेप आहेच, की त्यातले बहुतेक श्लोक पुराणांतून आणि नीतिग्रंथांतून उचललेले. आक्षेप खरा आहे. ह. दा. वेलणकरांनी संपादित केलेली प्रत भांडारकर संस्थेने १९२६ मध्ये छापली. ती चाळली तरी हे दिसतं. पण सुभाषितसंग्रहात निवड हीच कर्त्याची सही असते. तीन अध्यायांपैकी दुसरा आणि सर्वांत मोठा अध्याय राजनीतीचा आहे: राजा, अमात्य, कोश, दुर्ग, सैन्य. आणि आजोबा शहाजीराजे व वडील यांची स्तुती करणारे पहिल्या अध्यायातले श्लोक कुठल्या पुराणातून येणार?

मराठीत का लिहिलं नाही, हा प्रश्न मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो. मराठी घरची होती. संतांची होती, अज्ञानदासासारख्या शाहिरांची होती. भोसल्यांचा अभिषेक १६७४ चा. त्यांचं क्षत्रियत्व मान्य करून घ्यायचं होतं ते घराबाहेर, काशीच्या पंडितांत आणि रजपूत दरबारांत. तिथल्या भाषा संस्कृत आणि ब्रज. राजा झाल्यावर संभाजीराजांनी अंबरच्या रामसिंहाला औरंगजेबाविरुद्ध साथ मागणारं पत्र धाडलं, तेही संस्कृतात. शृंगारपूरचा अभ्यास असा राजकारणात उतरला.

ब्रज पुस्तकं खरोखर त्यांचीच, की त्यांच्या दरबारातल्या छंदोगामात्य कवी कलशाचा हात त्यात होता, अशी शंका उरते. असेलही हात, दरबारी काव्यात गुरूचा हात असतोच. तरी पुस्तकावर नाव कोणाचं घालायचं हे ठरवलं होतं, आणि ते नाव नृप शंभूचं, म्हणजे संभाजीराजांचंच, आहे. इथे बसलेल्या विद्यार्थ्यांना एवढंच सांगणं आहे: ‘बुधभूषण’चा दुसरा अध्याय आणि रामसिंहाला लिहिलेलं पत्र शेजारी ठेवून वाचा, आणि मग बखर उघडा.