मूळ पत्ता



दूधविनायकाच्या अरुंद गल्ल्यांत वसलेल्या मराठी घरांना तीर्थोपाध्यायांच्या वहीची ओळख करून द्यावयास नको. यात्रेकरूला दारापर्यंत कोणीही आणून सोडो. वहीत लिहिले जाते ते यात्रेकरूचे गाव व कूळ, आणून सोडणाऱ्याचे नव्हे. ई-मेलच्या व्यवहारात मात्र हीच नोंद हरवते.

ई-मेलच्या देवघेवीचे संकेत जॉन पोस्टेल यांनी १९८२ साली ग्रथित केले. जोडणी कोणत्या पत्त्यावरून आली, हे स्वीकारणाऱ्या सर्व्हरला आपोआप दिसते. पुढे ओघ वाढला, आणि अनेक सर्व्हरांपुढे एक मध्यस्थ, म्हणजे प्रॉक्सी, बसू लागला. तो भार वाटून देतो खरा; परंतु मागच्या सर्व्हरला मग प्रत्येक जोडणी त्याच्याकडूनच आलेली दिसते. एखाद्या उपद्रवी पत्त्यावर बंदी घालावी, तर ती सर्वांवरच पडते. याहून भयंकर असे की, मध्यस्थ घरचाच म्हणून त्याचा पत्ता विश्वासू यादीत घातलेला असतो. मग रस्त्यावरचा कोणीही घरचा ठरतो आणि आपल्या सर्व्हरमार्फत जगभर नको ती पत्रे धाडू लागतो. दोष अर्थात आपल्या माथी!

'पोस्टफिक्स' या वीत्सा व्हेनेमा यांच्या प्रणालीत यासाठी 'एक्सक्लायंट' नावाची आज्ञा आहे. तिच्याद्वारे मध्यस्थ मूळ पत्ता कळवतो. विली तारो यांनी 'हेप्रॉक्सी'साठी रचलेला 'प्रॉक्सी प्रोटोकॉल' अधिक सरळ आहे. जोडणी होताच मध्यस्थ एकच ओळ पाठवतो: मूळ पत्ता, गंतव्य पत्ता व दोहोंचे पोर्ट. पहिल्या आवृत्तीत ही ओळ साध्या अक्षरांत असून १०७ अक्षरांपलीकडे जात नाही. पोस्टफिक्सने ती २०१३ सालच्या २.१० आवृत्तीपासून स्वीकारली. येथे एक गंमत आहे. ई-मेलमध्ये अभिवादन प्रथम सर्व्हर करतो. या ओळीसाठी मात्र त्याने आपले तोंड मिटून थांबावयाचे असते. तो थांबला आणि मध्यस्थाने ओळ पाठवलीच नाही, तर दोघेही एकमेकांची वाट पाहत बसतात.

पण ही ओळ लिहिणे कोणालाही शक्य आहे, आणि खोटा पत्ता सांगणे त्याहूनही सोपे. एक्सक्लायंटची मुभा पोस्टफिक्स मुळात कोणालाच देत नाही. ती नाव घेऊन द्यावी लागते. प्रॉक्सी प्रोटोकॉलच्या दारावर मात्र पोस्टफिक्स आलेली ओळ खरी मानतो. तेव्हा मध्यस्थाखेरीज इतर कोणी त्या दारापर्यंत पोहोचूच नये, ही व्यवस्था फायरवॉलनेच करावी लागते.