त्वचावैद्याची उमेदवारी

(धर्मग्रामाच्या ज्युबिलीनिमित्त भरलेल्या सभेंत दिलेलें व्याख्यान)



ज्युबिलीच्या या मंगल प्रसंगीं दोन शब्द बोलण्याची आज्ञा मला झाली, तेव्हां मी प्रथम संकोचलों. मी वक्ता नव्हे. माझा धंदा लोकांची कातडी तपासण्याचा. परंतु चिटणीस म्हणाले, ‘तुम्ही जें शिकलां तेंच सांगा.’ तेव्हां त्वचेचा वैद्य इस्पितळांत कसा घडतो, आणि त्या घडणींत माझ्या हातून काय चुकलें, हें आपणांपुढें मांडण्याचें योजिलें आहे.

त्वचेचा डॉक्टर म्हणजे मुरुमांचा, केसांचा व गोरेपणाचा डॉक्टर, अशी पुष्कळांची समजूत असते. परंतु आमच्या एम. डी. पदवीच्या विषयाचें पुरें नांव ‘त्वचारोग, गुप्तरोग व कुष्ठरोग’ असें आहे. या तीन शब्दांपैकीं पहिला दवाखान्याच्या पाटीवर मोठ्या अक्षरांत झळकतो, दुसरा लोक हळूच उच्चारतात, आणि तिसरा बहुधा कोणी वाचीतच नाहीं. माझें आजचें बोलणें बव्हंशीं त्या तिसऱ्या शब्दाविषयीं आहे.

एम. बी. बी. एस.ची साडेचार वर्षें व त्यानंतर इस्पितळांतील सेवेचें एक वर्ष पुरें झालें, कीं देशभरची प्रवेशपरीक्षा द्यावी लागते. तींत यश आलें तर तीन वर्षांची उमेदवारी सुरू होते. या काळांत विद्यार्थ्यास ‘निवासी डॉक्टर’ म्हणतात, आणि तें नांव यथार्थ आहे. सकाळीं बाह्यरुग्ण विभाग, दुपारीं वॉर्ड, रात्रीं पाळी, आणि उरलेल्या वेळांत प्रबंध! अलीकडे नियम असा झाला आहे कीं, या तीन वर्षांतले तीन महिने जिल्हा इस्पितळांत काढावे. हा नियम मला फार चांगला वाटतो. कारण मोठ्या शहरांत रोगी वैद्याकडे येतो, पण तो किती लांबून व किती उशिरां येतो, हें जिल्ह्यांत गेल्यावरच कळतें.

पहिला धडा रोगाला नांव देण्याचा नव्हे, तर डागाचें वर्णन करण्याचा. तो सपाट आहे कीं उंचावलेला? कडा स्पष्ट आहे कीं पुसट? खवले कोरडे आहेत कीं तेलकट? रोग्यास दिवसाच्या उजेडांत उभें करावें, नुसता दाखविलेला भाग न पाहतां सर्व अंग पाहावें, नखें व तोंडाची आंतील बाजूहि पाहावी, आणि मग बोलावें. ही विद्या पुस्तकांतून येत नाहीं. पॅरिसमधील सेंट लुई इस्पितळ, जें चौथ्या हेन्री राजानें १६०७ सालीं प्लेगच्या रोग्यांसाठीं स्थापिलें, तें पुढें १८०१ पासून आलिबेर या वैद्याच्या हाताखालीं त्वचारोगांचें मोठें विद्यापीठ झालें. तेथें बारेत्ता नांवाच्या कारागिरानें रोग्यांच्या अंगावरून मेणाचे ठसे घेतले. हा गृहस्थ आधीं कागदाच्या लगद्याचीं शोभेचीं फळें करून विकीत असे! त्या इस्पितळाच्या संग्रहालयांत असे चार हजारांहून अधिक मेणाचे ठसे आहेत. आमच्यापाशीं मेण नव्हतें. सकाळीं आठ वाजतां लागणारी रांग हेंच आमचें संग्रहालय.

डोळ्यांच्या मागोमाग हात शिकतात. गजकर्णाचे खवले खरवडून, त्यांवर पोटॅशचा थेंब सोडून, सूक्ष्मदर्शकाखालीं बुरशीचे तंतु शोधणें. तीनचार मिलिमीटर रुंदीचा त्वचेचा तुकडा काढणें. कानाची पाळी चिमटींत दाबून, बारीक छेद देऊन, तेथील रस कांचेवर घेऊन, रंगविल्यावर कुष्ठाचे तांबडे जंतु मोजणें. हीं कामें शेंकडों वेळां केल्यावांचून हात स्थिर होत नाहीं.

वॉर्डांत मात्र निराळेंच शिक्षण मिळतें. पेंफिगस नांवाच्या रोगांत शरीराची रक्षकशक्ति स्वतःच्याच त्वचेवर उलटते. पेशींना सांधणारे दुवे तुटतात, अंगभर फोड येतात, आणि कातडी सोलून चादरीला चिकटते. कूस पालटणें हीहि यातना होते. अशा रोग्यास आपल्या देशांतील कित्येक इस्पितळांत स्वच्छ केलेल्या केळीच्या पानांवर निजवितात. कारण पान थंड, गुळगुळीत असतें व जखमेला चिकटत नाहीं. आपल्या वसईच्या वाडींतलें तें पान, ज्यावर आपण जेवलों, त्याचा हा उपयोग मीं प्रथम पाहिला त्या दिवशीं मला आमच्या घराची आठवण झाली. त्या वॉर्डांत औषधाइतकीच शुश्रूषा तारते, आणि ती आम्हीं परिचारिकांपासून शिकलों.

गुप्तरोगांच्या खोलींत वेगळा धडा मिळतो. तेथें येणारा मनुष्य आधींच खालीं मान घालून येतो. त्याला प्रश्न विचारावे लागतात, पण त्याचा न्याय करावयाचा नसतो. न्यायाधीशाची खुर्ची वैद्याची नव्हे.

आतां त्या तिसऱ्या शब्दाकडे येतों.

माझें पहिलें वर्ष होतें. रांग दाराबाहेर गेलेली. एक तरुण यंत्रमाग कामगार आला, आणि त्यानें हाताच्या मनगटावरील फिकट चट्टा दाखविला. दुखत नाहीं, खाजत नाहीं, असें तो म्हणाला. मीं खुर्चीवरूनच पाहिलें, बुरशीवरचें मलम लिहून दिलें, आणि पुढच्यास हांक मारली.

आठ महिन्यांनीं तो परत आला. त्याची करंगळी व शेजारचें बोट आंत वळलीं होतीं. तुटलेला धागा सांधतां येत नाहीं म्हणून मालकानें त्याला मागावरून काढलें होतें. आमच्या प्राध्यापिका जवळच होत्या. त्यांनीं त्याला डोळे मिटावयास सांगितलें, कापसाची वात करून ती चट्ट्यावर टेकली, आणि विचारलें, ‘दादा, कोठें हात लावला?’ तो मुकाट्यानें बसून राहिला. लावल्याचें त्याला कळलेंच नव्हतें. मग त्यांनीं माझीं बोटें धरून त्याच्या कोपराच्या आंतल्या बाजूस ठेविलीं. तेथील मज्जातंतु सुतळीसारखा जाड झाला होता. त्या रागावल्या नाहींत. एवढेंच म्हणाल्या, ‘त्या दिवशीं तूं याला हात लावला होतास काय?’

मीं लावला नव्हता. बंधुभगिनींनो, त्या प्रश्नाचें उत्तर मी अजून देत आहें.

त्याचा रोग औषधानें वर्षांत बरा झाला. बोटें मात्र सरळ झालीं नाहींत. नसेची सूज सहा महिन्यांच्या आंत ओळखून योग्य उपचार केला तर हात पुष्कळदां वांचतो. त्याचे ते महिने मीं लिहिलेल्या मलमांत गेले.

दुखत नाहीं, हीच या रोगाची भयंकर खूण आहे. संत डेमियन यांची कथा आपणांस ठाऊक आहे. हा बेल्जियन धर्मगुरु १८७३ सालीं मोलोकाई बेटावरील रोग्यांत राहावयास गेला. अकरा वर्षांनीं एके दिवशीं त्यानें कढत पाण्यांत पाय घातले, आणि पाय भाजले तरी वेदना झाली नाहीं, तेव्हां त्याला आपल्या रोगाची ओळख पटली, असें सांगतात. १८८९ सालीं तो त्याच रोगानें वारला, आणि २००९ सालीं त्याची संतपदीं गणना झाली. तो मोलोकाईस गेला त्याच १८७३ सालीं नॉर्वेंत डॉ. हॅन्सन यांनीं या रोगाचा जंतु प्रथम पाहिला. आणि मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजांतील डॉ. व्हॅनडाइक कार्टर, ज्यांच्या हातचीं चित्रें ग्रे यांच्या सुप्रसिद्ध शारीरशास्त्रांत आहेत, तेहि त्याच दशकांत नॉर्वेला जाऊन तेथील कुष्ठनिवास पाहून आले. अर्थात् या विद्येचा एक धागा आपल्या मुंबईंतूनहि गेला आहे.

डेमियनच्या हातीं औषध नव्हतें. आपल्या हातीं आहे. १९८१ सालीं जागतिक आरोग्य संघटनेनें अनेक औषधें एकत्र देण्याची पद्धति सुचविली. सहा किंवा बारा महिने गोळ्या घेतल्यानें रोग बरा होतो, औषध सुरू होतांच तो पसरविण्याची शक्ति लवकरच नाहींशी होते, आणि सरकारी इस्पितळांत हें औषध मोफत मिळतें. २००५ सालाच्या अखेरीस देशांतील प्रमाण दहा हजारांत एकाहून खालीं आलें, आणि पुष्कळांना वाटलें कीं रोग गेला. परंतु २०२३ सालींहि भारतांत एक लक्षाहून अधिक नवे रोगी सांपडले. सबंध जगांतील नव्या रोग्यांपैकीं ते निम्म्याहून अधिक होते. कायदाहि आपल्यामागून हळू चालला. १८६९ च्या ज्या घटस्फोट कायद्याखालीं आपण ख्रिस्ती लोक येतों, त्यांत कुष्ठरोग हें विवाह मोडण्याचें एक कारण होतें. तें २०१९ सालीं काढून टाकण्यांत आलें. कायद्यांतून जें गेलें तें आपल्या मनांतूनहि गेलें आहे काय, याचा प्रत्येकानें विचार करावा.

शेवटीं दोनच विनंत्या. अंगावर फिकट किंवा तांबूस चट्टा असेल, आणि तेथें स्पर्श कळत नसेल, तर लपवूं नका; त्याच आठवड्यांत दाखवा. दुसरें, दुकानदाराच्या सांगण्यावरून खाजेचें वा गोरेपणाचें मलम घेऊं नका. त्यांतील स्टेरॉइडनें गजकर्ण दबून आंतल्या आंत पसरतो, व चेहऱ्याची त्वचा पातळ व लाल होते. अशीं मलमें चिठ्ठीवांचून विकूं नयेत असा नियम २०१८ सालीं सरकारनें केला आहे, पण तो आपण पाळूं तरच पाळला जाईल.

माझी तीन वर्षांची उमेदवारी केव्हांच संपली. पदवी भिंतीवर आहे. परंतु फिकट चट्टा घेऊन कोणी समोर आला, कीं मी खुर्चीवरून उठतों, त्याच्या कोपराशीं बोटें नेतों, कापसाची वात काढतों, आणि म्हणतों, ‘दादा, डोळे मिटा, कोठें हात लावला तें सांगा.’ तो ‘येथें’ म्हणाला, कीं माझा जीव खालीं पडतो.